सतरा नंबरचा फोन

४ मार्च, मंगळवार

आज अक्षर वाकडं येतंय. तळमजल्यावरच्या मावशी गेल्या. गेल्या म्हणजे आज नाही, शुक्रवारीच पडल्या होत्या. आज मंगळवार. या चार दिवसांत मी त्यांच्या दारावरून किती वेळा गेले-आले! दारात वर्तमानपत्रं साठलेली पाहिली आणि मनात म्हटलं, लेकाकडे गेलेल्या दिसतात, पेपरवाल्याला सांगायला विसरल्या. विसरल्या!

कुलूपवाल्यानं दार उघडलं तेव्हा मी तिथेच होते. न्हाणीघराच्या उंबऱ्यात मावशी, आणि त्यांच्या हातापासून वीतभर लांब चप्पल. मावशी ती जमिनीवर आपटत असणार. डॉक्टर म्हणाले, पडल्यावर दिवसभर तरी जीव असावा. म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी मी भाजीची पिशवी घेऊन जिना चढत होते तेव्हा भिंतीपलीकडे चप्पल आपटत होती, आणि मी कोणाशी तरी मोबाइलवर हसत होते. पेपरवाल्यापासून सगळ्यांवर ओरडले, आणि मग जिन्यातच बसून रडले.

जेवताना ह्यांनी त्यांचं लिफ्टपुराण काढलं. पस्तीस वर्षं लिफ्टचे मेकॅनिक होते, त्यामुळे कशातूनही लिफ्टवर येतात. "लिफ्टमध्ये माणूस अडकला ना, की आधी त्याच्याशी बोलायला लागायचं. दुरुस्ती मागाहून. आणि 'बरे आहात का' असं विचारायचं नाही. बरा असता तर अडकला असता का? समोर काय दिसतंय ते विचारायचं. म्हणजे मग तो..."

मी म्हटलं, "तीन मिनिटं झाली."

हा आमच्या घरातला जुना विनोद. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. ट्रंक कॉलला तीन मिनिटं झाली की मध्ये शिरून सांगायचं, "तीन मिनिटं झाली, वाढवून हवीत?" हे हसले आणि पुढचं जेवण गप्प जेवले. मलाही आज ऐकायचं त्राण नव्हतं.

६ मार्च, गुरुवार

कल्पना सुचली! भांडी घासताना. एकट्या म्हाताऱ्या माणसांना रोज सकाळी आठला फोन करायचा. उचलला तर चार शब्द बोलायचे. नाही उचलला तर अर्ध्या तासात दारात हजर. बस्स, एवढंच. जगात कोणाला कशी सुचली नाही!

लेकीला फोन केला. ती म्हणाली, "आई, तुला लष्कराच्या भाकऱ्या भाजायची भारी हौस. बाबा काय म्हणतात?"

मी म्हटलं, "बाबा काय म्हणणार?" आत्ता लिहिताना लक्षात आलं, त्यांना विचारलंच नाही. उद्या विचारते.

१७ मार्च, सोमवार

दवाखान्याची मागची खोली मिळाली. वर्षानुवर्षं तिथे मोडकी स्ट्रेचर ठेवत. एक्स-रे बघायचा दिव्याचा डबा अजून भिंतीवर आहे, तो लावला की खोलीत दुधी उजेड पडतो. दोन टेबलं, तीन फोन, एक बाक. माणसं तीन: मी, दवाखान्यातून निवृत्त झालेल्या सिस्टर, आणि शाळेत कवायत शिकवणारे मास्तर. मास्तर फोनवर बोलले की पलीकडचा सावधान स्थितीत उभा राहत असणार.

नियम मी केले. फोन जो मागेल त्याला, अटी नाहीत. माणसाला नाव नाही, नंबर. ज्यानं नोंद घेतली त्याच्याकडेच त्या माणसाचं कार्ड, बंद लिफाफ्यात. लाइनवर ऐकलेलं लाइनवरच राहिलं पाहिजे, हे मला एक्स्चेंजनं शिकवलं. मलाही माझ्या नंबरांपलीकडे काही कळता कामा नये. आणि शेवटचा नियम: फोन आपण आधी ठेवायचा नाही. त्यांचं बोलून झालं की ते ठेवतील.

संस्थेच्या नोंदणीच्या कागदांवर पत्ता आमच्या घराचा. आज ह्यांनी स्टुलावर चढून आमच्या दारावर संस्थेची पाटी बसवली. स्क्रू सरळ रेषेत आहेत का बघ, म्हणाले. मी फोनवर होते, हातानंच छान छान केलं.

२८ मार्च, शुक्रवार

वर्षभरात सोळा माणसं होतील असंही मला वाटलं नव्हतं, आठवडाभरात झाली! सोमवारी सतरावा आला, सिस्टरकडे. एवढी माणसं एकटी आहेत या गावात? धडकीच भरली. बँकेतून निवृत्त झालेला एक साहेब, केवढा ऐटबाज, माझ्या यादीत आहे. पहिल्याच दिवशी म्हणाला, "काल दिवसभरात मी फक्त मांजराशी बोललो, आणि मांजर माझं नाही."

सतराव्याची नोंद केल्यावर सिस्टर लिफाफा चिकटवत बराच वेळ बसल्या. मग विचारलं, "ताई, घरी सगळं बरं ना?"

"घरी काय व्हायचंय? घरी हे असतात."

हल्ली मी आठच्या फोनांसाठी निघते तेव्हाच हे गच्चीवर जातात, कुंड्यांना पाणी घालायला. कुंड्या दोन, त्यातली एक रिकामी, आणि पाणी घालायला म्हणे वीस मिनिटं. मी एकदा निघता निघता म्हटलंसुद्धा, काय धबधबा सोडता काय? निवृत्त माणसाला वेळ कसा घालवायचा हा मोठा प्रश्नच असतो. माझी मात्र दमछाक.

९ एप्रिल, बुधवार

नऊ नंबरनं फोन उचलला नाही.

पहिल्यांदा, दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. माझ्या डोळ्यांसमोर मावशींची चप्पल. मास्तर आणि मी धावत गेलो. आतून कण्हणं ऐकू आलं. मास्तरांनी खांद्यानं दार उखडलं, त्यांचा शर्ट टरकन फाटला. नऊ नंबर स्वयंपाकघरात पडलेल्या, खुब्याचं हाड मोडलेलं, पण डोळे उघडे. मला म्हणाल्या, "आठ वाजले म्हटलं. आता येतील." एवढंच. माझा माझ्यावरच विश्वास बसेना. हे काम खरंच चालतं!

त्या गडबडीत ह्यांचे तीन फोन आले, तिन्ही कापले. संध्याकाळी विचारलं काय होतं, तर म्हणाले, "काही नाही, डोळ्याच्या डॉक्टरनं तारीख दिली."

१६ एप्रिल, बुधवार

ह्यांच्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. मी नऊ नंबरला बघायला त्याच इस्पितळात गेले होते, त्यांना सूप भरवलं, वेणी घातली. तिथून वर डोळ्यांच्या विभागात जाणारच होते, पण मास्तरांचा फोन आला, अनुदानाचा फॉर्म मिळाला म्हणून. पळाले. घरी आले तर हे आधीच येऊन बसलेले, डोळ्यावर हिरवी पट्टी. रिक्षानं आले म्हणे. अर्ध्या तासाचं काम, त्यात काय एवढं. तरी ओशाळल्यासारखं झालं खरं.

२२ एप्रिल, मंगळवार

दवाखाना जूनपासून खोली परत घेणार. कोणीतरी डोक्यावर घण घातल्यासारखं झालं. खोली गेली की फोन गेले, फोन गेले की तीस माणसं पुन्हा मांजराशी बोलायला मोकळी. आता सगळी भिस्त त्या मोठ्या फाउंडेशनच्या दोन वर्षांच्या अनुदानावर.

फॉर्म चोवीस पानी. अटी वाचल्या. लाभार्थी किमान तीस, सगळे साठीच्या पुढचे, आणि सगळे एकटे राहणारे. मोजले. बरोबर तीस! 'सर्व एकटे राहतात' याखाली मी डोळे मिटून सही केली. एकटे नसते तर फोन कशाला मागितला असता?

'आपल्या कामाचं वेगळेपण' हा रकाना भरायला सिस्टर धावून आल्या. म्हणाल्या, त्या हल्ली 'बरे आहात ना' विचारतच नाहीत. 'समोर काय दिसतंय' असं विचारतात. बरं आहे म्हटलं की बोलणं संपतं, पण समोर काय दिसतंय म्हटलं की माणूस खिडकीशी जातो, बघायला लागतो, बोलायला लागतो. मी थक्क झाले. केवढी साधी गोष्ट! "हे कुठून आणलंत?" "सतरा नंबरनं शिकवलं," म्हणाल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या. मी म्हटलं, हुशार दिसतोय तुमचा सतरा. लगेच फॉर्मात घातलं. 'कल्पना कशी सुचली' यात माझ्या एक्स्चेंजबद्दल दीड पान लिहिलं. छान उतरलंय.

ह्यांना वाचायला दिलं. पट्टी निघालीय, पण अजून डोळा चोळतात. शेवटपर्यंत वाचलं, म्हणाले, "चांगलं लिहिलंयस." आणि गच्चीवर गेले.

६ मे, मंगळवार

परवा फाउंडेशनच्या बाई पाहणीला येणार. रात्री झोप कुठली लागायला!

८ मे, गुरुवार

सगळं जसं झालं तसं लिहिते. नाही लिहिलं तर उद्या मी ते स्वतःला सोयीचं करून सांगेन, मला मी ओळखते.

बाई साडेनऊला आल्या. साध्या, पायात बूट, बोलणं मोजकं. खोली पाहिली, एक्स-रेचा डबा लावून बंद केला, यादी मागितली. म्हणाल्या, "मी तीन नंबर निवडते. त्यांच्या घरी जाऊ." नऊवर बोट ठेवलं. माझा जीव भांड्यात पडला, नऊ म्हणजे आमचं सोनंच. मग चोवीस. मग सतरा.

सिस्टर उभ्या होत्या त्या बसल्या.

"सतरा नको," म्हणाल्या.

"का?"

"त्यांना आवडणार नाही."

नको म्हटल्यावर पाहणीवाल्या माणसाला तेच हवं असतं. बाईंनी हात पुढे केला. सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं. मी, मूर्ख मी, म्हटलं, "द्या हो, आपल्याकडे लपवायला काय आहे?"

लिफाफा फोडला. बाईंनी पत्ता वाचला. मोठ्यानं. मी ऐकत होते आणि माझ्या डोक्यात एवढंच आलं, हा तर आमच्या इमारतीतला दिसतोय. तिसरा मजला म्हणाल्या तेव्हाही मी आमच्या मजल्यावर दुसरं कोण राहतं ते आठवत होते. आमच्या मजल्यावर दुसरं कोणी राहत नाही.

बाई अर्ज चाळत होत्या. "हाच पत्ता संस्थेचाही आहे." मग पुन्हा कार्ड. "घरात आणखी कोण? इथे लिहिलंय, 'पत्नी. कामात असते.'"

कानात एक्स्चेंजमधली लाइन तुटल्यावर येते तशी शिट्टी. कोणी काही बोलत होतं. मास्तरांचा तो मोठा आवाजसुद्धा लांबून येत होता.

"घरातलंच माणूस घालून तिसाचा आकडा भरलात का?" बाई रागावल्या नव्हत्या, आणि तेच जास्त लागलं.

सिस्टर म्हणाल्या, "आकड्यासाठी नाही हो. ते मार्चमध्ये आले तेव्हा अनुदानाचं नावही नव्हतं. जो मागेल त्याला फोन, हा आमचा नियम. त्यांनी मागितला."

बाई म्हणाल्या, "मला त्यांना भेटायचंय."

चालत सात मिनिटांचा रस्ता. जिना चढताना तळमजल्यावरचं मावशींचं बंद दार दिसलं आणि मी कठडा धरला. वर ती पाटी, सरळ रेषेतले चार स्क्रू. ह्यांनी दार उघडलं, हातात चहाचा कप. आधी मला पाहिलं, मग बाईंच्या हातातलं कार्ड. ह्यांना सगळं कळलं. ह्यांना नेहमीच आधी कळतं.

बाईंनी विचारलं, "तुम्ही एकटे राहता?"

तेव्हा माझी पाळी होती. मी म्हणायला हवं होतं, हो, राहतात. माझ्यासोबत राहतात आणि एकटे राहतात. शब्द अगदी तोंडाशी आले होते. आणि त्यामागोमाग खोली आली, तीन फोन आले, नऊ नंबरचे उघडे डोळे आले. मी गप्प बसले.

हे हसले. "नाही हो. बायको आहे की माझी. चूक माझी आहे, यांची नाही. रिकामा माणूस, गंमत म्हणून नंबर लावला. काढून टाका मला, खऱ्या गरजू माणसाला जागा होईल." मग म्हणाले, "चहा घेणार?"

मास्तरांकडे काल एक नवी नोंद झालेली होती. सतरा कापला, एकतीस घेतला, आकडा पुन्हा तीस. बाईंनी तशी टीप लिहिली. कापण्यावर सही अध्यक्षांची लागते. म्हणजे माझी. मी केली.

९ मे, शुक्रवार

घरात काही बोलणं झालं नाही. हे काही विचारतील म्हणून मी स्वयंपाकघरात डबे पुसत राहिले. हे काही विचारत नाहीत, हीच तर गोम आहे. सिस्टर मला 'ताई' म्हणाल्या नाहीत आज. "कार्ड तुम्ही कापलंत, मी नाही," एवढंच बोलल्या. मला राग आला. मग कळलं की तो राग नाही.

लाइनवर ऐकलेलं लाइनवरच, हा नियम मीच केला आणि त्या माउलीनं दीड महिना तो माझ्या तोंडावर पाळला.

१९ मे, सोमवार

अनुदान मंजूर! पत्र आलं. मास्तरांनी खोलीत पेढ्याऐवजी सगळ्यांना गूळ वाटला, सिस्टरसुद्धा हसल्या. आणि मी पत्र वाचता वाचता थांबले. लिहिलंय, "'समोर काय दिसतंय' हा प्रश्न, ही संस्थापिकेची कल्पना समितीला विशेष भावली."

संस्थापिकेची!

घरी येऊन ही वही पहिल्यापासून वाचली. कधी वाचत नाही, आज वाचली. ४ मार्च. माझ्याच अक्षरात. 'समोर काय दिसतंय ते विचारायचं.' आधी बोलत राहायचं, दुरुस्ती मागाहून. सगळं ह्यांचंच. आणि त्याखाली, माझ्याच अक्षरात, 'तीन मिनिटं झाली.'

मावशींची चप्पल मला ऐकू आली नाही, मध्ये भिंत होती. इथे तर टेबलाची रुंदीसुद्धा नव्हती. मला स्वतःची भीती वाटली. खरंच वाटली.

फाउंडेशनला पत्र लिहून टाकलंय: कल्पना माझी नाही, माझ्या यजमानांची आहे, ते लिफ्टचे मेकॅनिक होते. आणि सतरा नंबर गंमत म्हणून आला नव्हता, मी त्या दिवशी गप्प बसले. अनुदान परत मागायचं तर मागोत. उद्या सकाळी टपालात टाकते.

२० मे, मंगळवार

आठला दहा कमी असताना हे गच्चीवर गेले. मोबाइल घेऊन. बारा दिवस झाले त्यांना कोणाचा फोन येत नाही आणि बारा दिवस हे मोबाइल घेऊन कुंड्यांना पाणी घालायला जातायत. मी मास्तरांना कळवलं, आज माझे नंबर तुम्ही करा. दूध तापत ठेवलं आणि ठीक आठला फोन लावला. दोनदा चुकीचा आकडा दाबला गेला.

उचलला, पण हॅलो नाही.

मी ऑपरेटरच्या आवाजात म्हटलं, "नमस्कार. सकाळचा फोन."

मग, "चुकीचा नंबर लागलाय."

"नाही. सतरा नंबरच हवेत."

"त्यांची लाइन कापली."

"कापणारी चुकली. पुन्हा जोडलीय." माझा ऑपरेटरचा आवाज तिथे फाटला. "समोर काय दिसतंय?"

मला वाटलं, ठेवतात आता. ठेवला असता तर मी काय करणार होते? त्यांचा श्वास ऐकू येत होता.

"दोन कुंड्या," म्हणाले.

"आणि?"

"एकीत गवत उगवलंय. उपटवत नाही." मग, "पलीकडच्या टाकीवर कबुतर बसलंय. डाव्या डोळ्यानं बघितलं तर आभाळ निळं दिसतं. उजव्यानं तेच पिवळट. म्हणजे इतकी वर्षं मी पिवळं आभाळ बघत होतो, आणि मला वाटायचं, असंच असतं. तुला सांगायचं राहिलंच."

"कधीपासून?"

"एप्रिल."

मी ओट्याला टेकून खाली बसले. हे बोलत राहिले. इस्पितळातून परत येताना रिक्षात एकच डोळा उघडा होता, त्या डोळ्यानं सगळा रस्ता कसा दिसला ते. अडकलेली एक बाई चाळीस मिनिटं लिफ्टच्या पंख्याचं वर्णन करत होती ते. मार्चमध्ये मी ज्या वाक्याच्या मध्ये शिरले होते ते वाक्यही त्यांनी पुरं केलं. म्हणजे मग तो आपण अडकलोय हे विसरतो, म्हणाले, बाहेर कोणीतरी आहे एवढंच त्याला पुरतं.

मग एकदम ओशाळून म्हणाले, "तीन मिनिटं झाली असतील."

"वाढवून दिलीत," मी म्हटलं.

वर दूध उतू गेलं, शेगडीवरून ओट्यावर आणि ओट्यावरून माझ्या खांद्यावर थेंब थेंब. बसल्या जागेवरून हात वर करून गॅस बंद केला. घरभर करपल्याचा वास. फोन आपण आधी ठेवायचा नाही, नियम माझाच आहे. तेही ठेवेनात.